सांतान, क्रूस मी मागितला होता

सांतान,

तुला मातीत ठेवलं त्या सकाळी मी मुद्दामच सगळ्यांच्या मागं उभा होतो. माती टाकून गुपचूप निघून जावं, असा बेत. पण तुमच्या चौक गावच्या इनासकाकांनी मला हेरलं. गावातला सगळ्यांत जुना माणूस, काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तरी गर्दीतून मागं आले आणि माझं मनगट धरून मला पुढं घेऊन गेले. "मास्तर, तुमी मागं कशाला? तुमचा दोस्त हाय तो." लोक बाजूला झाले. तुझ्या बायकोच्या, कतरीनवहिनींच्या शेजारी मला उभं केलं. मी मूठभर माती टाकली. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

माझं सांत्वन करत होते ते, सांतान. आणि मी ते करून घेतलं.

चौकहून भाईंदरच्या नवघरला, माझ्या घरी येईपर्यंत सगळा रस्ता मी तुझ्याशी बोलत होतो. तू होतास तेव्हा जे बोलायचं होतं, ते. आता लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, माझ्याकडून वाचून घ्यायचास, आणि मी जरा सजवून वाचायला लागलो की थांबवायचास. "मास्तर, सरळ बोल ना रं." सरळच लिहितो.

लोकल बोर्डानं माझी बदली उत्तनकडच्या शाळेत केली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मिठागरावर राबणाऱ्या घरातला पहिला मास्तर. डोक्यावर काळी टोपी आणि डोक्यात इतिहासाची दोन पुस्तकं, एवढंच माझं धन. राहायला जागा मिळेना. तू शाळेच्या दारात उभा राहून म्हणालास, "आमची ओटी हाय. मासळीचा वास चालंल ना?" मी म्हटलं, आम्ही आगरी, वासाचं आम्हाला काय सांगतोस. तीन वर्षं तुझ्या ओटीवर राहिलो. वहिनींच्या हातची तांदळाची भाकर खाल्ली, तुझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांचे पाय चेपले, तुमच्या सणाला तुमच्याबरोबर जेवायला बसलो. माझ्या आईला हे सगळं सांगितलं नव्हतं, पण मला ते घर परकं कधी वाटलं नाही.

शाळा सुटल्यावर आपण टेकडीवर जायचो. तिथं पडक्या किल्ल्याच्या भिंती आहेत, आणि खाडीपलीकडं वसईचा किल्ला दिसतो. मी तुला लढाई सांगायचो. आधी तुमच्या टेकडीवरचा हा किल्ला मराठ्यांनी कसा घेतला, मग वसई कशी पडली, फिरंग्यांची फौज कशी शरण आली. तू पाय हलवत ऐकायचास. एकदा मध्येच विचारलंस, "पन मास्तर, तवा माझा पनजा कुठं व्हता?"

"कुठं म्हणजे?"

"कुनाच्या बाजूला? फिरंग्याच्या देवळात जायचा, म्हनजे त्याच्या बाजूला. पन याच भिंतीचे दगड फिरंग्यानं त्याच्याच डोक्यावरून वाहून घेतले असतील. मंग तो कुनाचा?"

माझ्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं. म्हणून मी तुला तहाची गोष्ट सांगितली. हरलेल्या फौजेला मराठ्यांनी ढोल वाजवत, निशाणं उभी धरून, मानानं किल्ल्याबाहेर जाऊ दिलं. जे मागं राहिले त्यांच्या देवाला हात लावला नाही. तुला ती गोष्ट इतकी आवडली की दर चार दिवसांनी सांगायला लावायचास. एकदा ऐकून झाल्यावर म्हणालास, "जितला तो मोठा न्हाय. जितल्यावर ज्यानं हात आवरला, तो मोठा." हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं वर्गात सांगितलं. माझं म्हणून सांगितलं.

मग माझी बदली परत भाईंदरला झाली, लग्न झालं, आणि तू बाजाराच्या दिवशी येऊन जाऊन राहिलास. त्याच सुमारास मुंबईहून ती सिनेमा कंपनी आली.

वसईच्या लढाईवर बोलपट काढायचा होता. त्यांना खाडी हवी होती, पडकी तटबंदी हवी होती आणि माणसं हवी होती. कुणीतरी माझं नाव सुचवलं. डायरेक्टरसाहेब आमच्या घरी आले, खाटेवर बसले, पोहे खाल्ले. म्हणाले, "मास्तर, पडद्यावर वसई पडते. बघणाऱ्याच्या मनात काय पडतं, ते सेन्सॉरला दिसत नाही." माझ्या अंगावर काटा आला. मी बोर्डाचा नोकर. प्रभातफेरीत जायची छाती नव्हती, मिठाच्या चळवळीतही दारामागून पाहिलं होतं. इथं मात्र नोकरी राखून देशकार्य होत होतं. मी लगेच हो म्हटलं.

फिरंगी कोण होणार, हा प्रश्न निघाला तेव्हा ते म्हणाले, "ते उत्तनकडचे ख्रिस्ती आहेत ना, तेच." मी मान हलवली. तुम्ही आमच्याएवढेच काळे, आमच्यासारखेच लंगोट लावून चिखलात उतरणारे. तरी फिरंगी तुम्ही, आणि मराठे आम्ही नवघरचे. मला त्यात काही खटकलं नाही. तुलाच खटकलं. पितळी बटणांचा लाल कोट अंगावर चढवताना म्हणालास, "साहेबापुढं मी काळा, तुझ्या सिनेमात मी गोरा. माझा रंग ठरवतो कोन रं?"

सगळे हसले. मीही हसलो. तूही हसलास, म्हणून ते तिथंच राहिलं.

पहिले दोन दिवस जत्रेसारखे गेले. घोडदळासाठी भाईंदरच्या टांग्यांचे घोडे आणले होते. बंदुकीचा बार झाला की ते सगळे वळून स्टेशनच्या रस्त्याला लागायचे, आणि तू फिरंगी सैन्यातून ओरडायचास, "अरं, गाडी चुकंल त्याची, जाऊ दे!" माझा चुलतभाऊ दामू मराठ्यांच्या पुढच्या रांगेत होता. दुपारी फिरंगी आणि मराठे एकाच झाडाखाली जेवायला बसायचे. तुमच्या बायकांनी आणलेलं बोंबलाचं कालवण आमच्या लोकांनी बोटं चाटून खाल्लं.

तिसऱ्या दिवशी शरणागतीचा देखावा होता. फिरंगी कप्तान पुढं, मागं क्रूस धरलेला माणूस. कंपनीचा क्रूस पुठ्ठ्याचा होता, तो दवानं फुगून वाकला. डायरेक्टरसाहेब चिडले. त्यांना खराच क्रूस हवा होता, आणि तो कुठं आहे हे मला ठाऊक होतं.

तुमच्या आळीच्या तोंडाशी ती लहानशी घुमटी आहे. आतला क्रूस सागवानी, दोन हात उंच, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. मे महिन्यात सणाला मिरवणुकीनं निघायचा. त्याची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या तुझ्या घराकडं. घुमटीची किल्ली तुझ्या आजीकडून वडिलांकडं, त्यांच्याकडून तुझ्याकडं आली होती. मी संध्याकाळी तुझ्याकडं आलो. तू जाळं शिवत होतास.

"सांतान, एका दुपारपुरता क्रूस हवाय."

तुझे हात थांबले. "सिनेमाला?"

"फक्त हातात धरून चालायचं. तहाचा देखावा आहे. मी तुला सांगायचो तोच. मानानं बाहेर पडतात तो."

"पाद्रीबाबाला इचारतो. इनासकाकाला पन."

"विचारलंस तर नाही म्हणतील. दुपारी न्यायचा, दिवे लागायच्या आत परत ठेवायचा. त्याला काही होणार नाही. माझा शब्द."

तू सुई जाळ्यात खोवून ठेवलीस. मग म्हणालास, "तुझा शब्द असंल तर देतो. पन धरीन मीच. दुसऱ्याच्या हातात न्हाय देनार."

इथपर्यंत मी फक्त मूर्ख होतो. यापुढचं मूर्खपणात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायरेक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, रात्री विचार केला. तह, मानानं जाणं, हे सगळं थंड वाटतं. क्रूस खाली पडला पाहिजे. चिखलात. वरून आपली पोरं नाचली पाहिजेत. थेटर दणाणलं पाहिजे."

मी म्हटलं, "पण तसं झालं नव्हतं. उलट..."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाट्यांत तुमचं नाव येणार आहे. इतिहास मार्गदर्शन. मोठ्या अक्षरांत. इतिहास तुमचा मास्तर, पिक्चर माझं. आणि त्या माणसाला आधी सांगू नका, चेहरा खरा यायला हवा."

मी "हो" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. त्यानंतर कॅमेरा लागेपर्यंत खूप वेळ होता. तू माझ्यापासून पन्नास पावलांवर, लाल कोट घालून, क्रूसाला खोबरेल लावत बसला होतास. मला पाहून उचलून दाखवलास. "मास्तर, बरा दिसतो ना?"

मी म्हटलं, "छान."

हा एक शब्द. इतक्या वर्षांत मला दुसरं काही विसरता आलं असेल, हा शब्द नाही.

तू कप्तानाच्या मागून चालत आलास. पाठ ताठ, क्रूस छातीशी. दामू आणि आणखी तिघे आडवे आले. दामूनं क्रूस ओढला. तुला वाटलं असेल त्याला काहीतरी चुकीचं कळलंय, कारण तू आधी हसलास. मग त्यानं हिसका देऊन तो खाजणाच्या चिखलात भिरकावला आणि चौघे त्याच्यावर चढले. शिकवल्याप्रमाणे. तू ओरडलास, "दामू, खरा हाय तो! खरा हाय!" लाकूड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. कॅमेरा चालूच होता. डायरेक्टरसाहेब कुजबुजले, "वा, वा, वा."

तू गुडघ्यावर बसून चिखलात हात घातलास, मोडलेला तुकडा शोधत. दामूच्या लक्षात आलं तेव्हा तो पांढराफटक पडला. आपल्या शेल्यानं क्रूस पुसायला लागला. मग तू मान वर करून मला शोधलंस. मी कॅमेऱ्याच्या मागं होतो. मी पायांकडं बघत राहिलो.

त्या रविवारी गावकी बसली. इनासकाका मध्ये. त्यांनी तुला विचारलं, "क्रूस कुनाच्या सांगन्यावरून दिला?"

तू म्हणालास, "मीच दिला."

"कुनी मागितला?"

तू माझं नाव घेतलं नाहीस. मला साक्षीला बोलावलं होतं, कारण कंपनीचा माणूस मी. कुणीतरी म्हणालं होतं की बोर्डाकडं तक्रार जाणार, सरकारी शाळेचा मास्तर असल्या खेळात कसा. माझी बायको पाचव्या महिन्यात होती. त्या वेळी ही सगळी कारणं मला पुरेशी वाटली.

"मास्तर, तुमाला काय ठाव?" इनासकाकांनी विचारलं.

मी म्हटलं, "क्रूस आणलाय हे मला ऐन वेळी दिसलं. मला आधी काही माहीत नव्हतं."

सांतान, तू तेव्हा माझ्याकडं पाहिलंस. मी तुझ्या डोळ्यांत राग शोधला. राग असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तू असा पाहत होतास, जणू मी कुठं पडलोय की काय, मला लागलंय की काय.

घुमटीची किल्ली तुझ्याकडून घेतली. गावकीच्या वहीत तुझं नाव चढलं. मिरवणुकीत क्रूसाला हात लावायचा नाही असं ठरलं. क्रूस वसईच्या सुताराकडून पितळी पट्टी मारून आणला, तो दुसऱ्या घराकडं गेला. त्या हंगामात तुला कुणी होडीवर घेतलं नाही. तू भाईंदरला रेतीच्या होड्यांवर लागलास. खाडीच्या तळाशी बुडी मारून बादलीनं रेती काढायची. दोन हंगाम काढलेस. छातीचं दुखणं तिथूनच लागलं, असं वहिनी म्हणतात.

बोलपट लागला तेव्हा मी एकटाच मुंबईला जाऊन पाहून आलो. पाट्यांत माझं नाव होतं, खरंच मोठ्या अक्षरांत. मग तो देखावा आला. आवाज नंतर भरला होता, त्यामुळं तुझं तोंड हलत होतं पण शब्द नव्हते. 'खरा हाय तो' या तुझ्या शब्दांवर तुताऱ्या वाजत होत्या. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या. माझ्या शेजारचा माणूस रडत होता, देशासाठी. आणि मी टाळ्या वाजवल्या, सांतान. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. नसत्या वाजवल्या तरी चाललं असतं.

परत आल्यावर तू विचारलंस, "कसा हाय?"

मी म्हटलं, "बरा आहे. तो क्रूसाचा तुकडा सेन्सॉरनं कापला."

"बरा झाला," तू म्हणालास. तुझा चेहरा इतका मोकळा झाला की त्या क्षणी मला माझं खोटं पुण्यासारखं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात तंबूतला सिनेमा भाईंदरच्या मैदानात आला. तू वहिनींना आणि लहानग्या मार्थाला घेऊन गेलास, लेकीला बाप पडद्यावर दाखवायला. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. खेळ सुटायच्या वेळी मी तंबूबाहेर जाऊन उभा राहिलो. माणसं आरोळ्या देत बाहेर पडत होती. तू मार्थाला खांद्यावर घेऊन आलास. माझ्याजवळ थांबलास.

"मास्तर, तो तुकडा कापला न्हाय."

एवढंच. मग म्हणालास, "पोरीला झोप आलीय, जातो." वहिनी माझ्याकडं न बघता पुढं गेल्या.

मला वाटलं, आता तू येणार नाहीस. पुढच्या बाजाराला तू आलास. केळीच्या पानात गुंडाळून ओले बोंबील आणलेस, नेहमीसारखे.

इंग्रज-जर्मनांची लढाई सुरू झाल्यावर माझा मुलगा तापानं पडला. एकवीस दिवसांचा ताप. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवा. लढाईच्या दिवसांत बर्फ कुठून आणायचा? तू मासळीवाल्यांच्या ओळखीनं आणलास. भुशात आणि गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, दिवसाआड. अर्धा रस्त्यात वितळायचा. तू ओलाचिंब दारात उभा राहायचास, जणू खाडीतून आला आहेस. अठराव्या दिवशी ताप उतरायला लागला. मी तुला अंगणात गाठलं. म्हटलं, "सांतान, त्या दिवशी गावकीत मी..."

"पोराचं बघ आधी," तू म्हणालास आणि गोणपाट झटकून निघून गेलास.

मुलगा जगला. आज तो चौथीत शिकतोय. तुझ्या बातमीनं तो माझ्यापेक्षा जास्त रडला, कारण त्याला मोकळेपणानं रडता येतं.

मी स्वतःला सांगत आलो की तूच मला बोलू दिलं नाहीस. खोटं आहे ते. एकदा थांबवलंस. बाकी दहा वर्षं मला कुणी थांबवलं नव्हतं. दर मे महिन्यात सणाला मी तुझ्याकडं जेवायला यायचो. मिरवणूक दारावरून जायची, क्रूस दुसऱ्याच्या हातात. तू दारात उभा राहून टोपी काढायचास. मी तुझ्या मागं उभा असायचो. मग आपण जेवायला बसायचो, तू म्हणायचास, अजून घे.

गेल्या वर्षी आपला शेवटचा मोठा वाद झाला, आठवतो? मी वर्तमानपत्र घेऊन आलो होतो. इंग्रज जाणार, आता नक्की जाणार. मी नाचायचाच बाकी होतो. तू खोकत होतास. म्हणालास, "जाऊ दे, चांगला हाय. पन मास्तर, गोरा गेल्यावर सिनेमात फिरंगी कोन व्हनार?"

मी चिडलो. "तुला प्रत्येक गोष्टीत तेच कसं दिसतं? तू या मातीतला आहेस, तुला कोण काय म्हणणार?"

"तू म्हनालास ना," तू शांतपणे म्हणालास. "तूनंच तर मला कोट घातला."

मी वर्तमानपत्र घेऊन तसाच उठून आलो. तो वाद तिथंच तुटला. पंधरा दिवस मी मनात तुला उत्तरं देत होतो, आणि एकही खरं नव्हतं.

आणि मग ही शेवटची भेट. तू भिंतीला टेकून बसला होतास, कारण आडवं झालं की श्वास लागत नव्हता. माझ्या आवाजानं डोळे उघडलेस. वहिनींना म्हणालास, "तू जरा भाएर जा." मार्थालाही पाठवलंस. आपण दोघंच. तू दम घेत घेत म्हणालास, "मास्तर, काय बोलायचा हाय का?"

इतक्या सरळ तू मला कधी विचारलं नव्हतंस. दार उघडून धरलं होतंस.

मी म्हटलं, "नाही रे. तू विश्रांती घे."

तू मान हलवलीस. डोळे मिटलेस. चार दिवसांनी इनासकाकांचा नातू निरोप घेऊन आला.

सातव्या दिवशी घुमटीपुढं तुझ्यासाठी प्रार्थना होती. सगळं गाव होतं. प्रार्थना संपली, लोक उठायला लागले, आणि मी म्हटलं, "थांबा." मी सांगितलं. क्रूस मी मागितला. विचारू नकोस, असं मी म्हटलं. चिखलात टाकणार हे मला त्या सकाळी कळलं होतं. गावकीपुढं मी खोटं बोललो. सगळं मिळून चार वाक्यं झाली. दहा वर्षं जी उचलता आली नाहीत, ती एवढीशीच होती.

दोन-तीन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. इनासकाका काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "तवा बोलले असते, तर त्याचा फायदा व्हता. आता फायदा तुमचा."

मी म्हटलं, "हो."

कतरीनवहिनी खाली बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मना ठाव व्हता. त्यानं त्याच दिवशी सांगितला. दर सणाला तुमी यायचे ना, तवा सकाळी म्हनायचा, जास्त भात लाव, आज मास्तर सांगल."

दहा सण, सांतान. दहा वेळा जास्तीचा भात.

इनासकाकांनी गावकीची वही मागवली. म्हणाले, "तोंडचं वाऱ्यावर जातं. लिवा." मार्थानं वही उघडली. ती आता सोळा वर्षांची आहे, चौथी झालेली. तिनं पान काढून वाचलं: सांतान यानं क्रूस तमाशास दिला, सबब किल्ली काढून घेतली. बोट तिथं ठेवून वही माझ्यापुढं केली. मी गुडघ्यावर धरून लिहिलं: 'सांतान याने क्रूस माझ्या मागण्यावरून व माझ्या शब्दावर दिला. पुढे काय होणार ते मला आधी माहीत होते.' खाली सही केली.

इनासकाका म्हणाले, "घुमटीची किल्ली उद्यापासून मार्थाकडं." कुणी विरोध केला नाही. मला वाटलं, संपलं.

मार्था मी लिहिलेलं मनात वाचत होती, ओठ हलवत. मग म्हणाली, "मास्तर, एक ऱ्हायला."

"काय?"

"तुमाला इचारला तवा तुमी काय बोलले, ता."

मी परत वही घेतली. सहीच्या खाली लिहिलं, 'मला विचारले तेव्हा मी खोटे बोललो.'

"आता सही परत करा," ती म्हणाली. "सहीच्या खालचा कोन धरत न्हाय."

मी परत सही केली. तिनं वही घेतली, उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, शब्द शब्द सुटा करत वाचलं. वाचून झाल्यावर वही मिटणार, तेवढ्यात वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली.

"शेवटचा परत वाच," त्या म्हणाल्या.

मार्थानं परत वाचलं.